डुकराची पियुषिका, मेंढराची पियुषिका आणि आपली



गेल्या महिन्यात आपल्या एका वाचक भगिनींचा मुंबईहून मला फोन आला. त्यांच्या नात्यातल्या सात महिन्यांच्या बाळाला एका विशिष्ट प्रकारच्या आकड्या येतात. बाळ एकदम पुढे झुकते, हात पसरते, पुन्हा सैल पडते. असे ओळीने दहा-वीस वेळा होते. डॉक्टरांनी ए.सी.टी.एच. नावाची इंजेक्शने लिहून दिली. खोक्यातल्या कागदावर अगदी बारीक अक्षरात, हे औषध डुकराच्या पिट्युटरी ग्रंथीपासून काढलेले आहे असे छापलेले होते. ते कोणीतरी वाचले आणि घरात वाद सुरू झाला. "सिस्टर, द्यायचे की नाही?"

मी म्हटले, "आजच्या आज सुरू करा. वाद मागाहून घालू." या आजारात उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. म्हणून तेवढेच बोलून मी फोन ठेवला. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. डुकराच्या डोक्यातली ग्रंथी माणसाच्या बाळाला चालते कशी? आणि चालते, तर मग सगळ्याच जनावरांच्या ग्रंथी आपल्याला चालतील का? या महिन्याचा लेख त्यासाठी. हाच प्रश्न मला पूर्वी एका आजीने विचारला होता आणि तेव्हा मी उत्तर चुकवले होते. ती गोष्टही शेवटी सांगते.

भेजा काढला तरी मागे राहणारी ग्रंथी

माझे बालपण कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात गेले. सणासाठी बकरे कापले की आमचे हझ्झानसाहेब आत हात घालून फुफ्फुसे चाचपून बघत. कुठे चिकटलेले आहे का, भोक आहे का, हे पाहिल्याशिवाय मांस घरात जात नसे. आम्ही मुले वाकून वाकून बघायचो. पुढे नर्सिंगला गेल्यावर प्राध्यापिकाबाईंनी फुफ्फुसाचे चित्र फळ्यावर काढले, तेव्हा मला ते नवीन वाटले नाही. शरीररचनेचा माझा पहिला धडा आमच्या अंगणातच झाला होता.

आपल्यापैकी अनेक जणींनी बकऱ्याचे डोके फोडून भेजा काढला असेल. भेजा अलगद हातात येतो. पण त्याच्या तळाला एका बारीक देठाने लोंबकळणारी एक छोटी गाठ असते, ती येत नाही. देठ तुटतो आणि गाठ खाली कवटीच्या हाडातल्या खळगीत पडद्याखाली तशीच राहते. म्हणून इतकी वर्षे भेजा करूनही ती कोणाच्या नजरेस पडलेली नसते. तीच पिट्युटरी. शाळेच्या मराठी पुस्तकात तिला पियुषिका म्हटले आहे. माणसाची पियुषिकाही अशीच, नाकाच्या मुळामागे, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना भेटतात त्याच्या अगदी खाली, हाडाच्या खळगीत बसलेली असते. ती खळगी घोड्याच्या खोगिरासारखी दिसते, म्हणून तिचे लॅटिन नावच तुर्की खोगीर असे आहे.

आकार केवढा? माणसात वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. डुकरात याहून थोडी लहान, गाईत काही पटींनी मोठी. पण एवढ्याशा गाठीच्या हुकमावर गळ्यातली थायरॉइड चालते, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी चालतात, मुलांची उंची वाढते, पाळी येते, अंगावर दूध उतरते आणि शरीरात पाणी किती राखायचे ते ठरते.

ही ग्रंथी दिसायला एक असली तरी जन्माने दोन आहेत. गर्भात असताना तिचा पुढचा भाग तोंडाच्या टाळूकडून वर चढतो आणि मागचा भाग मेंदूकडून खाली उतरतो. दोघे वाटेत भेटतात आणि एकमेकांना चिकटतात. पुढचा भाग स्वतः हार्मोने तयार करतो. मागचा भाग कोठारासारखा आहे. त्याच्यातली दोन हार्मोने वर मेंदूत तयार होतात आणि देठातून खाली उतरून इथे साठतात. डुक्कर, मेंढी, गाय, घोडा, कुत्रा आणि माणूस, सगळ्यांत बांधणी हीच.

बांधणी एक, पण खोल्या वेगळ्या

डुक्कर आपल्याला वर्ज्य का, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ असते. खूर दुभंगलेला आहे, पण रवंथ करत नाही. गंमत अशी की प्राणिशास्त्रज्ञही डुकराला याच खुरामुळे गाय, मेंढी, हरिण, उंट यांच्या मोठ्या कुळात बसवतात. त्या कुळातली रवंथ न करणारी शाखा ती डुकराची. म्हणून शास्त्रज्ञ डुकराच्या पियुषिकेची तुलना करतात ती प्रथम गाय-मेंढीशी आणि मग आपल्याशी. त्यातले दोन फरक सांगते.

पहिला फरक मधल्या भागाचा. डुक्कर, गाय, मेंढी, घोडा, कुत्रा यांच्या पियुषिकेत पुढच्या आणि मागच्या भागामध्ये एक तिसरा, मधला भाग स्पष्ट असतो. मोठ्या माणसात तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो, नावापुरता उरतो.

या फरकाने काय बिघडते ते मला इथे येऊन कळले. काही वर्षांपासून मी मुलीकडे ऑकलंडच्या पेनरोज भागात राहते. पेनरोज म्हणजे कारखाने, गोदामे आणि रेल्वेचा फाटा, मधूनमधून घरे. जवळच एलर्सलीचे घोड्यांचे रेसकोर्स आहे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ पूर्वी घोडे सांभाळत. म्हाताऱ्या घोड्याची कातडी दाखवणारा एक जुना फोटो त्यांनी मला दाखवला. ऐन उन्हाळ्यात घोड्याच्या अंगावर अस्वलासारखे लांब कुरळे केस! घोड्यांचा हा म्हातारपणीचा सामान्य आजार आहे. त्यांच्या पियुषिकेचा मधला भाग वाढतो आणि हार्मोनांचा तोल जाऊन हिवाळ्याचे केस गळतच नाहीत. माणसात मधला भागच नसल्यासारखा, म्हणून आपल्याला तसा आजार होत नाही. आपल्यात अशी गाठ होते ती पुढच्या भागात. मग चेहरा गोल गरगरीत होतो, पोट सुटते, हातपाय काटकुळे राहतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. दोन्ही आजारांना माणसे एकाच डॉक्टरांचे नाव जोडतात, कुशिंग. पण आजार ग्रंथीच्या वेगवेगळ्या खोल्यांतले आहेत.

दुसरा फरक रक्तवाहिन्यांचा. डुक्कर, गाय, मेंढी, बकरी यांच्या पियुषिकेभोवती बारीक धमन्यांची एक दाट जाळी असते, कोळ्याने मासळीचे जाळे गुंडाळून ठेवावे तशी. मेंदूकडे जाणारे रक्त थंड करायला ती मदत करते. माणसात ती नसते. घोड्यातही नसते.

या जाळीने वैद्यकाची मोठी फसगत केली. दुसऱ्या शतकातला रोमन साम्राज्यातला प्रसिद्ध वैद्य गेलेन याने बैल, डुकरे आणि माकडे चिरून पाहिली. त्याला जाळी दिसली, आणि ती माणसातही असणारच असे त्याने लिहून ठेवले. त्या जाळीत माणसाचा प्राण शुद्ध होतो असेही सांगितले. पियुषिकेबद्दल त्याची समजूत होती की मेंदूतला शेंबूड ती नाकावाटे खाली उतरवते. पिट्युटरी हा शब्दच मुळी शेंबडाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे! पुढे तेराशे वर्षे डॉक्टर लोक माणसात नसलेली जाळी शिकवत राहिले. १५४३ साली आंद्रेआस व्हेसालियसने आपला मोठा ग्रंथ छापला आणि सांगितले की माणसाच्या डोक्यात अशी जाळी नाही.

गेलेनचे डोळे चुकले नव्हते. बैलात त्याने जे पाहिले ते खरेच होते. चुकले ते एवढेच की बैलात आहे म्हणजे आपल्यातही आहे, असे त्याने न बघता धरले. औषधांच्या बाबतीत हीच चूक पुढे माणसांच्या जिवाशी आली.

माळ आणि मणी

पियुषिकेची बरीचशी हार्मोने मण्यांच्या माळेसारखी असतात. मणी म्हणजे ॲमिनो आम्ले. कोणता मणी कितव्या जागी ओवला आहे यावर माळेचे काम ठरते. निरनिराळ्या जनावरांच्या माळा शेजारी शेजारी ठेवल्या की नाते किती जवळचे ते कळते.

ऑक्सिटोसिन घ्या. बाळंतपणात कळा आणणारे आणि पान्हा सोडणारे हे हार्मोन. नऊ मण्यांची माळ. डुक्कर, गाय, मेंढी आणि माणूस, चौघांची अगदी एकसारखी. म्हणूनच पूर्वी जनावरांच्या पियुषिकेचा अर्क बाळंतिणीला टोचत आणि त्याने कळा येत. १९५३ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ही माळ प्रयोगशाळेत ओवून दाखवली आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मी प्रसूतिकक्षात आले तेव्हा आमच्या हातात कारखान्यात तयार झालेले ऑक्सिटोसिन होते. त्यात जनावराचा काही संबंध नव्हता.

दुसरे, पाणी राखणारे व्हेसोप्रेसिन. हीसुद्धा नऊ मण्यांची माळ. आपल्यात, गाईत आणि मेंढीत आठव्या जागी आर्जिनिन नावाचा मणी असतो. डुकरात त्याच जागी लायसिन असतो. डुकराच्या दूरच्या नात्यातल्या पाणघोड्यातही लायसिनचा मणी सापडतो. म्हणजे गाय-मेंढी या बाबतीत आपल्यासारख्या आणि डुक्कर वेगळे. तरी डुकराची माळ माणसात काम करते. ज्यांना व्हेसोप्रेसिन कमी पडून दिवसाला बादलीभर लघवी होई, त्यांना एके काळी या लायसिनच्या माळेचा फवारा नाकात मारायला देत.

तिसरे, आपल्या बाळाचे ए.सी.टी.एच. हे पियुषिकेच्या पुढच्या भागातून निघते आणि अधिवृक्क ग्रंथींना सांगते, कॉर्टिसॉल तयार करा. माळ ३९ मण्यांची. खरे काम पहिल्या २४ मण्यांचे, आणि ते आपल्यात, डुकरात, गाईत, मेंढीत सारखेच आहेत. शेपटाकडे एका मण्याचा फरक: डुकरात ३१व्या जागी, गाय-मेंढीत ३३व्या जागी. ज्या टोकाने कुलूप उघडते तिथे फरक नाही, म्हणून डुकराची किल्ली आपल्या कुलपाला बसते. १९४९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन आणि ए.सी.टी.एच. देऊन सांधेवाताने जखडलेले रुग्ण चालते केले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्या काळात हे औषध कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या डुकरांच्या पियुषिकांपासून निघे. पुढे पहिले २४ मणी कृत्रिम रीतीने ओवण्यात आले. अधिवृक्क ग्रंथी ठीक चालतात का हे बघण्यासाठी आज जी सिनॅक्थेन टेस्ट करतात ती त्याच कृत्रिम माळेने. पण काही ठिकाणी लहान बाळांच्या आकड्यांसाठी डुकरापासूनचे औषध अजून वापरले जाते.

आता चौथे, वाढीचे हार्मोन. इथे गोष्ट उलटते. ही मोठी माळ, १९१ मण्यांची, आणि डुकराच्या व आपल्या माळेत सुमारे एक तृतीयांश मणी वेगळे. गाई-डुकरांच्या पियुषिकेतले वाढीचे हार्मोन खुज्या मुलांना देऊन पाहिले, मुले वाढेनात. मेंढीचेही चालत नाही. माणसाला माणसाचेच लागते, फार तर माकडाचे. म्हणून १९५८ सालापासून मृत माणसांच्या पियुषिका गोळा करून त्यातून हे औषध काढू लागले. हजारो मुले त्याने उंच झाली. पण त्यातल्या काही पियुषिका मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराच्या रुग्णांच्या होत्या. अनेक वर्षांनी तो आजार औषध घेतलेल्यांत उमटू लागला. १९८५ साली हे औषध अमेरिकेत बंद झाले. मी जिथे राहते त्या न्यूझीलंडमध्येही असे काही तरुण दगावले. आता हे हार्मोन प्रयोगशाळेत जंतूंकडून करवून घेतात, त्यात तो धोका नाही.

म्हणजे बघा. डुकराचे ऑक्सिटोसिन आपल्यासारखेच, ए.सी.टी.एच. एका मण्याने वेगळे पण चालणारे, आणि वाढीचे हार्मोन अजिबात न चालणारे. एकाच जनावराची, एकाच ग्रंथीतली ही तीन औषधे. "डुकराचे आहे" एवढ्यावरून ते औषध आपल्याला लागू पडेल की नाही ते कळत नाही. एकेक माळ तपासूनच बघावी लागते.

कॉर्नवॉल पार्कची मेंढरे आणि माझी नात

पेनरोजहून पश्चिमेला थोडे गेले की वन ट्री हिल ही टेकडी लागते आणि तिच्या पायथ्याशी कॉर्नवॉल पार्क. शहराच्या मधोमध तिथे मेंढ्या चरतात. रविवारी सकाळी मी नातीला घेऊन जाते. तिला मेंढरे बघायची असतात, आणि मला त्या पार्कच्या कडेचा ग्रीनलेनचा इस्पितळाचा आवार. तिथे पूर्वी नॅशनल विमेन्स हॉस्पिटल होते. त्या इस्पितळाने आणि मेंढरांनी माझ्या नातीचा जीव वाचवला असे मी मानते.

तिथे ग्रॅहम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांना एक प्रश्न पडला होता: बाळंतपण सुरू कोण करते, आई की बाळ? त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराची पियुषिका निकामी करून पाहिली. दिवस भरले तरी मेंढी व्यायेना. मग उलट प्रयोग केला. पोटातल्या कोकराला ए.सी.टी.एच. किंवा कॉर्टिसॉलसारखे औषध दिले, तर मेंढी वेळेआधीच व्याली. म्हणजे मेंढीत बाळंतपणाचा हुकूम कोकराच्या पियुषिकेतून सुटतो.

पण खरा शोध वेगळाच लागला. मेंढीचे दिवस सुमारे दीडशे. लिगिन्सना एक कोकरू ११७व्या दिवशी जन्मलेले मिळाले. एवढ्या कोवळ्या कोकराचे फुफ्फुस फुगूच शकत नाही, ते मरायलाच हवे. हे मात्र श्वास घेत होते. औषधाने त्याचे फुफ्फुस वेळेआधी पिकले होते! लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाऊई यांनी मग अपुऱ्या दिवसांत प्रसूत होऊ घातलेल्या मातांना बीटामेथासोनची इंजेक्शने देऊन पाहिली. २८२ मातांवरचा हा अभ्यास १९७२ साली छापून आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वासाचा त्रास आणि मृत्यू दोन्ही कमी झाले.

इथे परत तोच धडा. मेंढीत या औषधाने बाळंतपण सुरू होते, माणसात होत नाही. तो हुकूम आपल्यात वेगळ्या वाटेने सुटतो. पण फुफ्फुस पिकणे दोघांत सारखे. मेंढी व्याली म्हणून बायकाही बाळंत होतील, असे लिगिन्स यांनी गेलेनसारखे नुसते धरले असते, तर त्या भीतीने हे औषध कोणी गर्भवतीला टोचलेच नसते. त्यांनी तपासून पाहिले.

मुंबईत नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी अशी इंजेक्शने कितीतरी जणींना दिली. पण माझ्या मुलीला एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा मी नर्स राहिले नाही, नुसती आई झाले. तिला चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने दिली. नात जन्मली तेव्हा माझ्या तळव्यावर मावेल एवढी होती, पण रडली. रडली म्हणजे फुफ्फुस उघडले. आज ती मेंढरांच्या मागे धावते.

त्या आजीची गोष्ट

आता १९७८ सालची गोष्ट. मी मुंबईत मुलांच्या वॉर्डात होते. आपल्या समाजाच्या एका कुटुंबाचे सहा महिन्यांचे बाळ अशाच आकड्यांसाठी दाखल झाले. बरोबर बाळाची आजी होती, पेणकडची. मी आपल्यातली आहे हे कळल्यावर तिला फार आधार वाटला. मी ए.सी.टी.एच. भरत असताना तिने विचारले, "बाय, हे कशाचं असतं गं?" बाटलीवर लिहिलेले मला दिसत होते. मी म्हटले, "कारखान्यात बनतं, आजी." मला वाटले, उगाच म्हातारीला त्रास कशाला.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या काकांनी बाटली वाचली. आजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "तू आपली असून लपवलंस?" त्यांनी इंजेक्शन थांबवायला सांगितले. माझा शब्द आता कोणी ऐकेना. दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत बाळाच्या आकड्या वाढल्या. शेवटी हझ्झानसाहेब स्वतः वॉर्डात आले. त्यांनी आजीला समजावले की मनाई आहे ती खाण्याची, सुई म्हणजे खाणे नव्हे. आणि जिवावर बेतले असेल तर जीव वाचवणे, ज्याला पिकुआह नेफेश म्हणतात, ते आधी. उशीर करणे हीच चूक. आजीने मान डोलावली. इंजेक्शने परत सुरू झाली आणि काही दिवसांत आकड्या थांबल्या. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेले. ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत, असे मला अजून वाटते. मी पहिल्याच दिवशी खरे सांगून हझ्झानसाहेबांना बोलावले असते तर ते गेले नसते.

आपल्यासाठी एवढे लक्षात ठेवा

१. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. दमा, सांधेवात यांसाठी आपल्यापैकी अनेक जण प्रेडनिसोलोन घेतात. बाहेरून कॉर्टिसॉलसारखे औषध मिळत राहिले की पियुषिकेला वाटते, आता हुकूम द्यायची गरज नाही. ती ए.सी.टी.एच. सोडणे कमी करते आणि अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळ्या घेऊन एकदम थांबवल्या तर ग्लानी, उलट्या, चक्कर येते, रक्तदाब पडतो. जिवालाही धोका होतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात तशाच कमी करा. ऑपरेशनच्या आधी, तापात, उलट्या सुरू असताना डॉक्टरांना "मी स्टेरॉइड घेतो" हे न विसरता सांगा. तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. गावाकडे दम्याच्या किंवा गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. त्या घेऊच नका. घेत असाल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकदम सोडूही नका.

२. डोळ्यांच्या नसा पियुषिकेच्या डोक्यावरच असतात. त्यामुळे तिथे गाठ वाढली तर दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. दाराच्या चौकटीला खांदा आपटणे, बाजूने आलेली रिक्षा न दिसणे, याला नुसते वय म्हणू नका. म्हातारपणी अंगठी घट्ट होणे, चपलेचे माप वाढणे, हेही सांगण्यासारखे आहे. अचानक कधी नव्हे एवढे डोके दुखले, उलटी झाली आणि दिसायला कमी आले, तर सकाळची वाट बघू नका, ताबडतोब इस्पितळात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विशेष.

३. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून काहींना डेस्मोप्रेसिनची गोळी देतात. हे कृत्रिम व्हेसोप्रेसिन. आठव्या मण्याच्या जागी आर्जिनिनच, पण उलटा ओवलेला. हे जनावरापासूनचे नाही. मात्र ते शरीरात पाणी अडवते आणि वयस्कांच्या रक्तातले सोडियम धोकादायक खाली येऊ शकते. सुरुवातीला सोडियमची तपासणी केल्याशिवाय घेऊ नका. गोळी घेतल्यावर रात्री पाणी बेताने प्या. गोंधळल्यासारखे झाले, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर लगेच डॉक्टरांना कळवा.

४. डुकरापासूनची औषधे आजही आहेत. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. स्वादुपिंडाच्या रुग्णांच्या पाचक कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून. हृदयाच्या काही झडपाही डुकराच्या असतात. इन्सुलिन पूर्वी डुक्कर आणि गाईपासूनचे मिळे. ५१ मण्यांत डुकराचे आपल्याहून एका मण्याने वेगळे, गाईचे तीन मण्यांनी. आता मिळणारे बहुतेक इन्सुलिन मानवी धर्तीचे, प्रयोगशाळेत बनवलेले असते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, दुसरा पर्याय आहे का ते विचारा, आणि पोटात घ्यायच्या औषधाबद्दल आपल्या रब्बींना विचारा. पण विचारून होईपर्यंत चालू औषध बंद करू नका.

ज्या भगिनींनी फोन केला होता त्यांनी परवा पुन्हा फोन केला. बाळाच्या आकड्या पुष्कळ कमी झाल्या आहेत, इंजेक्शने अजून चालू आहेत. बाळाच्या पणजीलाही घरच्यांनी सगळे खरे सांगितले. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग लवकर द्या की, बसलात कशाला?"

पुढच्या अंकात थायरॉइडविषयी लिहीन. आपले प्रश्न मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. सर्वांना आरोग्य आणि दीर्घायुष्य लाभो. शालोम.